अडवलेल्या वाळूचा हिशेब

2015 साली पुदुच्चेरीत गांधीजींच्या पुतळ्यासमोर उभा राहिलो, तेव्हा तेथे पुळण नव्हतीच. काळ्या दगडांची रास आणि तिच्यावर आदळणाऱ्या लाटा. वाटेत भेटलेला एक म्हातारा कोळी म्हणाला, ‘आम्ही इथं जाळी वाळवायचो.’ समुद्राने किनारा गिळला असे आपण सहज म्हणून जातो. वस्तुतः समुद्र त्याचे नेहमीचेच काम करीत होता.

लाट बहुधा तिरकी येते. चढताना ती वाळूचा कण तिरका वर नेते, ओसरताना उतारावरून सरळ खाली आणते आणि दर खेपेला तो थोडा पुढे सरकतो. पूर्व किनाऱ्यावर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळातील लाटा वाळू उत्तरेला नेतात, ईशान्य वाऱ्यांच्या लाटा थोडी परत आणतात. वर्षअखेरची शिल्लक मात्र उत्तरेच्या खात्यावर. मध्ये समुद्रात भिंत घातली की दक्षिणेला वाळू साठते आणि उत्तरेची पुळण उपाशी राहते. चेन्नईत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंदर झाले आणि मरीनाची पुळण रुंदावली. तिचे कौतुक सर्वांना; पलीकडे रायपुरमच्या बाजूला समुद्र आत आला, तो कोळीवस्त्यांच्या दारात.

एवढा अनुभव गाठीशी असूनही पुदुच्चेरीच्या दक्षिणेला 1989 च्या सुमारास बंदराच्या भिंती झाल्या. साचलेली वाळू उपसून पलीकडे टाकायची, असे ठरले होते. ते नियमितपणे झाले नाही. शहरापुढची पुळण गेली, मग दगड टाकले. दगडी बंधारा मागचा रस्ता वाचवतो; पण त्यावर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळूही खरवडते आणि धूप पुढच्या गावाकडे सरकते. ही गावे तामिळनाडूची, म्हणजे दुसऱ्याच सरकारच्या फायलीतली! पुढे 2018 मध्ये राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने पाण्याखाली पोलादी अडसर बसवला, उपशाची वाळूही ओतली गेली. नंतर गेलो तेव्हा पुतळ्यासमोर पोरे वाळूत खेळत होती.

हे आता आठवायचे कारण वाढवण. 30 ऑगस्ट 2024 रोजी पायाभरणी झालेल्या या बंदरासाठी सुमारे दहा किलोमीटरचा लाटरोधक बांध आणि सुमारे 1448 हेक्टर भराव योजलेला आहे. बंदरच नको, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. शिवाय डहाणूचा किनारा खडकाळ, भरती-ओहोटीतले अंतर मोठे. पुदुच्चेरीचे गणित तेथे जसेच्या तसे लागू होणार नाही. पण नेमके म्हणूनच, दक्षिणेच्या चिंचणीची आणि उत्तरेच्या बोर्डीची पुळण पावसाळ्याआधी किती रुंद असते आणि नंतर किती उरते, हे बांध पुरा होण्यापूर्वीच दरसाल मोजायला हवे. पावसाळी लाटा पुळणीची वाळू खोल पाण्यात नेतात, हिवाळ्यातल्या सौम्य लाटा ती परत आणतात. त्यामुळे एकाच ऋतूतल्या मापाने कोणीही काहीही सिद्ध करू शकेल. हे आकडे मराठीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागले पाहिजेत. उद्या नुकसानभरपाईचा वाद उभा राहिला, तर कोळ्यांच्या हाती दाखवायला दुसरे काय असणार?