रक्तातील चिरस्थायी रसायने : मर्यादा कशाच्या आधारे ठरवावी?

पाणी व तेल या दोहोंनाही न भिजणाऱ्या वस्तू बनविण्यासाठी विसाव्या शतकाच्या मध्यापासून फ्लुओरिनयुक्त रसायनांचा एक मोठा वर्ग वापरात आला. त्यास ‘पीएफएएस’ असे संक्षिप्त नाव आहे. त्यांतील कार्बन व फ्लुओरिन यांचा बंध इतका दृढ असतो की, निसर्गात त्याचे विघटन जवळजवळ होतच नाही. यांपैकी ‘पीएफओए’ या द्रव्याचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येण्यासच सुमारे २ ते ४ वर्षे लागतात.

इटलीत विचेन्झाजवळील त्रिस्सिनो येथे अशी रसायने बनविणारा मितेनी कारखाना होता. त्या भागातील पिण्याचे पाणी दूषित झाल्याचे २०१३ साली उघडकीस आले. २०१८ साली कारखान्याचे दिवाळे निघाले. पुढे त्याची यंत्रसामग्री एका भारतीय कंपनीने विकत घेतली व ती रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत आली. यंत्रांबरोबर इटलीचा अनुभवही येथे यावयास हवा. तेथे लोकांचे रक्त तपासले गेले ते पाणी बिघडल्यानंतर.

रक्त तपासून केवळ एक आकडा हाती येतो. त्याचा अर्थ लावण्यास मर्यादा लागते. ती जनतेतील सरासरीवरून ठरविणे ही मोठी चूक होय. सारा गाव एकाच दूषित विहिरीचे पाणी पीत असेल, तर तेथे विषाचीही सरासरी निघेल आणि तीच ‘स्वाभाविक’ मानली जाईल. मर्यादा ठरवावयाची ती आरोग्यावरील परिणामांवरूनच.

जर्मनीने हे करून दाखविले आहे. तेथे पीएफओएसाठी दोन पायऱ्या आहेत. एका मिलिलिटर रक्तद्रवात २ नॅनोग्रॅमपर्यंत चिंतेचे कारण नाही. १० नॅनोग्रॅमच्या वर संसर्ग कमी करण्याचे उपाय योजणे आवश्यक ठरते. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. गर्भधारणेच्या वयातील स्त्रियांसाठी ही वरची मर्यादा ५ नॅनोग्रॅम आहे, कारण ही द्रव्ये मातेकडून अर्भकाकडे जातात.

अशा मर्यादेमुळे लोकांत भय पसरेल, असा आक्षेप घेतला जातो. तथापि मर्यादा ओलांडली म्हणजे रोग झाला, असे मुळीच नव्हे. ती धोक्याची पूर्वसूचना होय; आणि रक्तात साठलेले द्रव्य सहज काढून टाकता येत नसल्यामुळे पूर्वसूचनेचे मोल येथे अधिकच आहे.

म्हणून लोटे परिसरातील कामगार व ग्रामस्थ यांच्या रक्ताची आजची स्थिती नोंदवून ठेवावी आणि भारताने आरोग्याधिष्ठित मर्यादा निश्चित करावी. ही मर्यादा केवळ कोकणापुरती असून भागणार नाही. ही रसायने वस्तूंतून दूरवर पोहोचतात. झाशीच्या नागरिकाचे रक्तही त्याच मापाने मोजले गेले पाहिजे.