बाबांच्या डबीतली गोळी

या वीकएंडला बेलापूरला चाललात? नवी मुंबईचं नव्हे हो, प्रवरेकाठचं, आपल्या नगर म्हणजे आता अहिल्यानगर जिल्ह्यातलं! रेल्वेची इथे एक गंमत आहे. स्टेशनच्या पाटीवर ‘बेलापूर’, उतरता मात्र श्रीरामपुरात. घरच्या बाबांचंही असंच असतं. तक्रार ‘हल्ली झोप नीट लागत नाही’ची, आणि खरं दुखणं प्रोस्टेटचं.

रात्री तीन-चारदा उठायचं, बारीक धार, झाल्यावरही पूर्ण झाल्यासारखं न वाटणं. मूत्राशयाखालची ही ग्रंथी वयानुसार वाढते आणि लघवीची वाट अडवते. ही वाढ म्हणजे कॅन्सर नाही. त्यामुळे टेन्शन नको, पण डॉक्टर हवा.

डॉक्टर बहुतेक दोन जातींच्या गोळ्या देतात. टॅमसुलोसिन तिथले स्नायू सैल करते, फरक काही दिवसांतच कळतो. फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड ग्रंथीच लहान करतात, पण त्याला सहा-सहा महिने लागतात. फिनास्टेराइड नाव ऐकल्यासारखं वाटतंय? वाटणारच! ५ मिलिग्रॅमची गोळी बाबांच्या प्रोस्टेटसाठी, १ मिलिग्रॅमची तुमच्या विरळ होणाऱ्या केसांसाठी. अमेरिकेत ती १९९२ मध्ये प्रोस्टेटसाठी मंजूर झाली, १९९७ मध्ये टकलासाठी.

घोळ होतो तो पुढे. महिनाभरात गुण नाही म्हणून बाबा गोळी सोडतात, किंवा गुण आला म्हणून सोडतात. मग त्रास हळूहळू परत येतो. त्यात सर्दी झाली की मेडिकलमधून कुठलीतरी गोळी आणतात. नाक मोकळं करणाऱ्या काही औषधांनी अशा माणसाची लघवी चक्क तुंबते आणि मध्यरात्री नळी घालायला दवाखाना गाठावा लागतो.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, तर टॅमसुलोसिनबद्दल डोळ्यांच्या डॉक्टरांना आधीच सांगा, गोळी पूर्वी घेऊन सोडली असली तरी. तिच्यामुळे ऑपरेशनच्या वेळी बुबुळाचा पडदा लुळा पडू शकतो. २००५ मध्ये हे लक्षात आलं. आणि फिनास्टेराइड सहा महिने घेतली की रक्तातला पीएसएचा आकडा साधारण निम्मा दिसतो. डॉक्टरांना गोळी माहीत नसेल, तर ‘नॉर्मल’ रिपोर्टही फसवा ठरू शकतो.

गोळी गुपचूप बंद होण्याचं एक कारण मात्र बाबा तुम्हाला कधीच सांगणार नाहीत. या गोळ्यांनी काहींची कामेच्छा कमी होते, काहींना वीर्य कमी येतं. साठीतल्या माणसाला याचं काय, असं वाटतं ना? त्यांना वाटतं हो! गोळी किंवा डोस बदलून पुष्कळदा मार्गही निघतो. फक्त ते कुणीतरी डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं.

तेव्हा या वेळी डबीतल्या गोळ्यांच्या पाकिटांचे मोबाइलवर फोटो काढा. बाबांना डॉक्टरांकडे घेऊन जा, फोटो दाखवा. आणि मग ‘एक फोन करून येतो’ म्हणत पाच मिनिटं केबिनबाहेर थांबा. उरलेलं ते दोघं बोलतील.