शेगडी नवी, वायर जुनी : बदलताना पहिला पैसा कुठे घालायचा?

गेल्या दिवाळीत निलंग्याच्या घरी आईसाठी इंडक्शन शेगडी मागवली. जुनी कॉइलची शेगडी चालू असली की आई पायात चप्पल घालूनच भांडं हलवायची. 'थोड्या मुंग्या येतात, एवढंच' म्हणून घरातल्या सगळ्यांनी तो शॉक मान्य करून टाकला होता. नवी शेगडी मी जुन्याच सॉकेटला लावली. आठ दिवसांत पिन काळी पडली आणि प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला. वायरमनने सॉकेट उघडलं आणि एवढंच म्हणाला, "दादा, शेगडी नवी घेतली, वायर मात्र बल्बचीच ठेवली." अर्थिंगची वायर तर कुठे जोडलेलीच नव्हती.

इंजिनिअरिंग शिकलेल्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं. म्हणून हा लेख. माझं मत सुरुवातीलाच सांगतो : जुनी उघड्या कॉइलची शेगडी बदला, चालणारा ओव्हन राहू द्या आणि या दोन्हींच्या आधी वायरिंग दुरुस्त करा.

वीज खरंच किती वाचते?

दुकानात पहिली गोष्ट ऐकू येते ती बचतीची. हिशोब करून पाहू. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ०.०९ युनिट ऊर्जा लागते. इंडक्शनची कार्यक्षमता ८५ टक्क्यांच्या आसपास धरली तर मीटरवर ०.१० युनिट पडतं. कॉइलची ७० टक्के धरली तर ०.१२५. रोजचा स्वयंपाक दहा लिटर पाणी उकळण्याएवढा आहे असं समजा. महिन्याचा फरक निघतो साधारण सहा-सात युनिटचा. युनिटला १० रुपये धरले तरी ७० रुपयांच्या आत.

भांडं लहान आणि कॉइल मोठी असेल तर बाजूनं उष्णता वाया जाते, तिथे इंडक्शन बरंच पुढे असतं. मोठं, सपाट बुडाचं पातेलं असेल तर फरक फारसा उरत नाही. म्हणजे फक्त बिलासाठी शेगडी बदलणाऱ्याच्या हाती निराशाच येईल.

गॅस सोडून सगळा स्वयंपाक विजेवर न्यायचा विचार असेल, तर बिलावरचे टप्पे आधी बघा. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटचा दर आणि १०१ ते ३०० चा दर यांत मोठी तफावत आहे. उन्हाळ्यात कूलरमुळे आधीच शंभरी ओलांडलेली असते. त्यावर चढणारं शेगडीचं प्रत्येक युनिट वरच्या दरानं पडतं.

मग बदलायची कशासाठी?

जिवासाठी. उघड्या शेगडीत नायक्रोमची तार चिनीमातीच्या खाचेत मोकळी पडलेली असते. दूध उतू गेलं, चमचा लागला, भांडं कलंडलं की वीज थेट भांड्यात येते. कॉइल तुटली की आपण ती ताणून, पिळून जोडतो. जोडताना ती दहावा भाग आखूड झाली, तर रेझिस्टन्स तेवढाच घटतो आणि करंट सुमारे ११ टक्के वाढतो. शिवाय पिळलेला जोड स्वतःच तापतो. 'जोडल्यापासून जास्त लाल होते' असं जे आपण कौतुकानं म्हणतो, तो खरं तर इशारा असतो.

इंडक्शनमध्ये काचेखालच्या तांब्याच्या कॉइलमुळे भांड्याचं बूडच तापतं, तिथे उघडी तार नसते. भांडं उचललं की ती थांबते. पण तिच्याही अटी आहेत. बुडाला लोहचुंबक चिकटत असेल तरच भांडं चालतं. जर्मलची पातेली, पितळी भांडी, मातीचा तवा तिथे निरुपयोगी. ज्वारीची भाकरी शेवटी जाळावर फुगवायची असते, ते काम इंडक्शनवर होत नाही. मराठवाड्याच्या घरात म्हणून गॅसचा एक बर्नर ठेवावाच लागेल. पेसमेकर बसवलेलं कुणी घरात असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. जुनीच भांडी वापरायची असतील तर इन्फ्रारेड शेगडी हा पर्याय आहे. ती कॉइलपेक्षा वीज फारशी वाचवत नाही, पण तार काचेखाली बंदिस्त असते.

ओव्हन बदलायचा का?

घाई नको. जुन्या ॲल्युमिनियमच्या गोल ओव्हनमध्ये आणि नव्या ओटीजीमध्ये उष्णता देणारा भाग एकाच जातीचा असतो : तापणारी तार किंवा रॉड. नव्यात थर्मोस्टॅट, टायमर आणि बंद दार मिळतं. सोय नक्कीच वाढते, पण वर्षातून चार वेळा केक आणि दिवाळीत नानकटाई करणाऱ्या घरात ते पैसे वसूल होणं कठीण. रॉड किंवा थर्मोस्टॅट बिघडला असेल तर बदलून मिळतो. बॉडीला शॉक लागत असेल, वायरचं आवरण तडकलं असेल, तर मात्र तो ओव्हन त्या दिवसापासून बंद करा.

ओव्हनऐवजी मायक्रोवेव्ह घेणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं. साधा मायक्रोवेव्ह पदार्थातलं पाणी तापवतो, नानकटाईला रंग आणि खुसखुशीतपणा देत नाही. त्यासाठी कन्व्हेक्शनचं मॉडेल लागतं. आणि पीठ मळून डबा बेकरीच्या भट्टीवर नेण्याची आपली जुनी पद्धत अजूनही सगळ्यांत स्वस्त आहे.

भिंतीतल्या वायरचं काय?

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर निलंगा-औसा भागात कितीतरी घरं नव्यानं उभी राहिली. त्या घरांतली मूळ वायरिंग आज तिशीच्या आसपास आली आहे. दिवे, पंखा आणि टीव्ही एवढाच भार तेव्हा डोळ्यांसमोर होता.

२००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर करंट ओढते. छोट्या सॉकेटची क्षमता ६ अँपिअर. तिला १६ अँपिअरचं सॉकेट आणि मुख्य बोर्डापासून निदान २.५ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची वायर हवी. शेगडी आणि ओव्हन एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावले तर करंट १६ अँपिअरच्या वर जाऊ शकतो. दोघांना दोन वेगळे सॉकेट, दोन वेगळे एमसीबी. बिलावरचा 'मंजूर भार' कमी असेल तर महावितरणकडे वाढीचा अर्ज करा.

संध्याकाळी व्होल्टेज १९० वर आलं की २००० वॅटची कॉइल जेमतेम १,३६५ वॅट देते. इंडक्शन शेगडी तर ठरावीक मर्यादेखाली बंदच पडते. दोष शेगडीचा नसतो. नवी घेऊनही तो जाणार नाही.

काळी माती आणि अर्थिंग

आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अर्थिंगच्या पाइपभोवतीची माती सुकून सुटली की जमिनीशी संपर्क तुटत जातो. जुलैत ठीक असलेलं अर्थिंग मे महिन्यात निकामी असू शकतं. खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घाला आणि वर्षातून एकदा वायरमनकडून तपासून घ्या. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. ओव्हरलोड झाला की एमसीबी पडतो, तो वायर वाचवतो. करंट माणसाच्या अंगातून जमिनीत जाऊ लागला की आरसीसीबी पडतो, तो माणूस वाचवतो.

आधी काय, नंतर काय?

पैसे मोजकेच असतील तर क्रम असा ठेवा : अर्थिंग आणि आरसीसीबी, मग स्वतंत्र वायर आणि १६ अँपिअरचं सॉकेट, मग आयएसआय चिन्ह असलेली शेगडी, आणि शेवटी ओव्हन. जुनी शेगडी 'अडीअडचणीला' म्हणून माळ्यावर ठेवू नका. अडचणीच्या दिवशी ती पुन्हा खाली येते. ती ई-कचऱ्यात द्या. देण्याआधी तिची वायर कापून टाका, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या घरी ती लागणार नाही.

एक अपेक्षा दुकानदारांकडूनही आहे. शेगडी विकताना किती वॅटची, किती हप्त्यांत, हे सगळं सांगता. 'घरी १६ अँपिअरचं सॉकेट आहे का? अर्थिंग आहे का?' एवढं विचारायला अर्धा मिनिट लागतो. ऑनलाइन मागवणाऱ्यांना विचारायला तर कुणीच नसतं, त्यांनी हे प्रश्न स्वतःलाच विचारावेत. मी विचारले नव्हते. आता आमच्या स्वयंपाकघरात नवी वायर आहे, अर्थिंग आहे आणि आई शेगडीजवळ अनवाणी उभी राहते.