अनोळख्याचा पैसा आणि गावाची पत

हल्ली असा आठवडा जात नाही, की मोबाइलवर एखादी मदतीची याचना येऊन पडली नाही. कोणाच्या मुलास हृदयाची शस्त्रक्रिया सांगितलेली असते, कोणाचे मूत्रपिंड निकामी झालेले असते, कोणाचे घर जळून गेलेले असते. खाली बँकेच्या खात्याचा क्रमांक आणि पैसे धाडण्याचा चौकोनी क्यूआर कोड. वाचणारा क्षणभर हळहळतो, आणि लागलीच त्याच्या मनात येते, "हे खरे कशावरून?" पुष्कळांचा हात या प्रश्नापाशीच थांबतो. यात देणाऱ्यास दोष देता येत नाही. लबाडांनी या मार्गाचा एवढा दुरुपयोग केला आहे, की खऱ्या गरजवंतासही आज संशयाच्या उंबरठ्यावर तिष्ठत बसावे लागते. हा संशय कसा फिटावा, आणि त्या कामी आपण खातेदार शेतकऱ्यांनी कोणता भार उचलावा, याचा विचार करणे अवश्य झाले आहे.

जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत हा प्रश्न विशेष अवघड आहे. जव्हारास कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्यास ग्रामीण रुग्णालय आहे. परंतु दुखणे मोठे निघाले म्हणजे त्र्यंबकच्या वाटेने नाशिक गाठावे लागते, नाही तर घाट उतरून ठाणे-मुंबई. ज्या घराचे वर्ष नागली, वरई आणि वीटभट्टीवरील चार महिन्यांची मजुरी यांवर निघते, त्या घरास हा प्रवासच जड. मग शस्त्रक्रियेचा खर्च कोठून आणावा? पूर्वी अडल्यानडल्यास गाव पुढे होई. सावडीने शेत लावून दिले जाई, खळ्यावरचे चार पायली धान्य दिले जाई. त्या वेळी कोण खरा आणि कोण खोटा हे सांगावे लागत नसे, कारण देणारा आणि घेणारा एकाच पाणवठ्यावरचे होते. आता देणारा पुण्यास किंवा दुबईस बसलेला असतो. मोखाडा कोणत्या दिशेस आहे हेही त्यास ठाऊक नसते. त्याने विश्वास ठेवावा तो कशावर?

अनोळख्या माणसांकडून पैसा उभा राहतच नाही, असे मात्र नाही. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडासाठी माणशी एक पैसा मागितला, आणि त्या पैशापैशांतून सन 1908 मध्ये तळेगाव येथे काचेचा कारखाना निघाला. गाडगेबाबांनी गावोगावच्या लोकांच्या देणग्यांतून धर्मशाळा उभारल्या. स्वतःसाठी मात्र गाडगे आणि फाटकी वस्त्रे यांपलीकडे काही ठेवले नाही. लोकांनी यांस दिले, कारण मागणाऱ्याच्या घरात त्यातले काही जात नाही हे दिसत होते, आणि दिलेल्याचे काय झाले तेही डोळ्यांनी पाहता येत होते.

अलीकडचा दाखला सन 2021 चा. मुंबईतील एका तान्ह्या मुलीस स्नायू क्षीण करणारा दुर्धर आजार होता, आणि त्यावरील परदेशी औषधाची किंमत सुमारे 16 कोटी रुपये होती. ही रक्कम असंख्य अनोळख्या लोकांनी मोबाइलवरून जमवून दिली, आणि केंद्र सरकारने सुमारे 6 कोटींचा कर माफ केला. त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडकडील दुसऱ्या एका मुलीसही लोकांच्या मदतीने तेच औषध मिळाले. परंतु दीड-दोन महिन्यांतच ती गेली. पैसा मिळाला म्हणजे प्राण वाचलाच असे होत नाही. म्हणून मागणाऱ्याने प्राण वाचण्याचे वचन कधी देऊ नये. पैसा सांगितल्या कामीच लागेल, एवढेच वचन द्यावे आणि ते पाळावे.

याचना करणारे बहुतेक लोक हेच विसरतात. त्यांस वाटते, की चित्र जितके करुण तितका पैसा अधिक. आमच्या भागास या समजुतीचा कडू अनुभव आहे. सन 1992 मध्ये वावर-वांगणी येथील बालमृत्यूंची वार्ता बाहेर पडली, आणि तेव्हापासून जव्हार-मोखाड्याचे नाव निघाले की बरगड्या दिसणाऱ्या मुलाचे छायाचित्र पुढे येते. ज्याचे छायाचित्र घेतले त्याच्या आईस कोणी विचारले होते काय? मदत मागणे यात कमीपणा नाही. परंतु आजाऱ्याच्या देहाचे प्रदर्शन मांडणे हा त्याचा अपमान आहे. शिवाय त्याने विश्वास वाढत नाही. करुणेने पहिला रुपया येतो. दुसरा येतो तो पहिल्याचा हिशेब मिळाला तरच.

मग विश्वास उत्पन्न व्हावा कसा? आपल्या शेतकरी वर्गास याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळालेले आहे. सन 1904 चा सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला तेव्हा गरीब कुणब्यास कोण ओळखत होते? परंतु गावातील दहा-वीस माणसे एकमेकांस जामीन राहिली, एकाच्या कर्जाची जबाबदारी सर्वांनी पत्करली, आणि एकट्यास जे मिळत नव्हते ते गावास मिळू लागले. दूरच्या माणसाने कर्जदारास ओळखले नाही. त्याने जामिनास ओळखले. वर्गणीचेही तसेच आहे. नाशिकच्या रुग्णालयात पडलेल्या मोखाड्याच्या मजुरास पुण्याचा माणूस ओळखणार नाही. परंतु त्याच्या गावची सोसायटी नावनिशीवार मागे उभी राहिली, तर तिची चौकशी त्यास करता येईल.

म्हणून माझी सूचना अशी, की प्रत्येक सोसायटीने पाच पंच नेमावेत. त्यांत शाळेचे गुरुजी असावेत, एक स्त्री असावी, आणि आजाऱ्याच्या पाड्यावरचा एक माणूस असावाच. पंचांनी प्रथम सरकारी मार्ग पाहावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबास वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. धर्मादाय रुग्णालयांत निर्धनांसाठी 10 टक्के आणि दुर्बल घटकांसाठी 10 टक्के खाटा राखून ठेवलेल्या असतात. मुख्यमंत्री सहायता निधीकडेही अर्ज करता येतो. यांतून काय मिळाले आणि किती तूट राहिली, हे याचनेत स्पष्ट लिहावे. जो तूट तेवढीच मागतो त्याच्यावर विश्वास बसतो.

नंतर पंचनामा करावा. प्रस्तुत लेखकाने महसुली नोकरीत पीकनुकसानीचे पंचनामे पुष्कळ पाहिले आहेत. त्यांची किंमत शब्दांत नसे. खाली सही करणारा पुढे विचारणा झाल्यास उत्तर देईल काय, यात असे. रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक, आजाऱ्याची किंवा पालकाची संमती आणि पाच सह्या, एवढे कागद पुरे आहेत. पैसा रुग्णालयाच्या अथवा आजाऱ्याच्या निकटच्या नातलगाच्या खात्यात जावा. गोळा करणाऱ्याच्या खात्यात कधीही जाऊ नये. क्यूआर कोडवर मोबाइल धरला असता जे नाव दिसते, तेच नाव याचनेत असावे. जमाखर्च दर आठवड्यास सर्वांस कळवावा, रक्कम पुरी होताच मागणे बंद करावे, आणि शिल्लक कोणास द्यावयाची ते आरंभीच सांगावे. वाईट वार्ता असली तरी तीही कळवावी. सोसायटीस स्वतःच्या नावे वर्गणी जमवावयाची असल्यास धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत आधी विचारणा करावी.

कोणी म्हणतील, माणूस मरणाच्या दारी असता पंचनामे कसले करता? त्यांस उत्तर, की पाच सह्या घेण्यास एक प्रहरही लागत नाही. संशयाने अडलेला पैसा मात्र आठवडाभर येत नाही. दुसरे म्हणतील, की हे सरकारचे कर्तव्य, आपण का करावे? कर्तव्य सरकारचेच आहे, आणि म्हणूनच सरकारी मार्ग प्रथम पाहावा असे म्हटले. पंचांनी सही केलेला तुटीचा कागद उद्या सरकारपुढेही ठेवता येईल. खरा आक्षेप निराळा आहे. ज्याचा भाचा मुंबईस नोकरीत आहे त्याची याचना हजारो मोबाइलवर फिरते, आणि कातकरी पाड्यावरच्या बाईची फिरत नाही. हा अन्याय दूर करण्यासही पंचच हवेत. जिला लिहिता येत नाही तिच्यासाठी त्यांनी लिहावे.

देणाऱ्यांनीही डोळे उघडे ठेवावेत. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. मदत पाठवतो असे सांगून कोणी तो मागितल्यास तो ठक समजावा, आणि फसवणूक झाल्यास 1930 या क्रमांकावर तत्काळ कळवावे. याचनेतील क्रमांकावर विसंबून न राहता रुग्णालयाचा क्रमांक स्वतः शोधून विचारावे. शहानिशा न केलेला मजकूर पुढे धाडू नये. सन 2020 च्या एप्रिलमध्ये आपल्याच जिल्ह्यातील गडचिंचले येथे अफवेपायी तीन निरपराध माणसे जमावाकडून मारली गेली, हे विसरता येत नाही. खोट्या वार्तेने जीव जातो, तसा खरी वार्ता खोटी वाटल्यानेही जातो.

भात-नागलीची मळणी आटोपली म्हणजे सोसायट्यांच्या सभा होतील. त्यांत बी-खतांच्या विषयांबरोबर हाही विषय घ्यावा, आणि कोणी आजारी पडण्यापूर्वीच पंचांची नावे ठरवून ठेवावीत, अशी सर्व सभासद बंधुभगिनींस विनंती आहे.