गुडघा आणि मोबाइल

जुन्या गुडघेदुखीवर व्यायाम हवाच. पण तो शिकायला जिने उतरून, रिक्षा शोधून जायचं कसं? दुखतो तो गुडघाच ना! ऑस्ट्रेलियात ३९४ जणांवर झालेला एक अभ्यास २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात फिजिओथेरपिस्टचं व्हिडिओ कॉलवरचं मार्गदर्शन समोरासमोरच्या इतकंच उपयोगी ठरलं. मला यात आपल्या बायकांची सोय दिसते. ‘मला कोण नेणार?’ म्हणत आपण दुखणं अंगावर काढतो. मात्र नुसते व्हिडिओ बघून व्यायाम करणं म्हणजे हे नव्हे. तिथे ३ महिन्यांत ५ वेळा तज्ज्ञाशी बोलणं होतं. गुडघा सुजून लाल झाला किंवा अडकला, तर थेट डॉक्टरच गाठा. एरवी घरातल्या कुणाला तरी हक्कानं सांगा, अर्धा तास फोन धर!