ऑफ सीझन म्हणे!

परवा भाचीचा फोन आला. नेहमीची ख्यालीखुशाली झाली आणि मी सहज बोलून गेले, की पुढच्या आठवड्यात चार दिवस श्रीवर्धनला जाऊन येते आहे. पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाली, "मावशी, अगं जुलैत? ऑफ सीझनला काय करणार तिथे? सगळं बंद असतं. आम्ही डिसेंबरात जाणारच आहोत, तेव्हा चल की आमच्याबरोबर."

पोरगी मनाने चांगली आहे, माझ्या काळजीनेच बोलली. पण तो शब्द कानात राहिला. ऑफ सीझन! दिवा ऑफ, पंखा ऑफ, तसं एक अख्खं गाव चार महिने ऑफ? तिथल्या माणसांनी तेवढे दिवस काय करायचं, बटण दाबून बंद व्हायचं?

तर मंडळी, आज जरा भांडायचंच आहे. ज्यांना बाईंचं भांडण ठाऊक आहे त्यांनी चहा घेऊन बसावं.

आधी माझं नि श्रीवर्धनचं नातं सांगते. भोर आणि वेल्हे तालुक्यांत मिळून एकतीस वर्षं मराठी-इतिहास शिकवला. (वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणतात, पण माझ्या जिभेला वेल्हेच येतं.) १९८१ साली शाळेतल्या एका बाईंच्या माहेरी, श्रीवर्धनला, श्रावणात कार्य होतं. आम्ही चौघीजणी गेलो. समुद्र मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तो असा: गढूळ, तांबूस, नुसता गरजणारा. पुस्तकातला निळा समुद्र मला फार नंतर भेटला, आणि खरं सांगू, तो मला जरा परकाच वाटला. तेव्हापासून दोन-तीन वर्षांआड का होईना, मी पावसाळ्यातच जाते.

सुखाचं असतं का? मुळीच नाही! उगाच गोड गोड कशाला सांगू. जून संपेपर्यंत आणि पुन्हा भाद्रपदात ऊन पडलं की असं दमट उकडतं की अंगावरचं लुगडं पिळून काढावं. पाऊस लागला की तीन तीन दिवस झड. कपडे वाळत नाहीत, उशीला कुबट वास येतो, वीज जाते ती कधी येईल ते विचारू नये. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, म्हणजे ताजी मासळीही बेताची. होड्या वर ओढून शाकारलेल्या आणि पडवीत बसून बापे जाळी दुरुस्त करतायत. जेवायला कुळथाचं पिठलं, भात, टाकळ्याची नाहीतर भारंगीची भाजी, खाणाऱ्याला सुकट. किनाऱ्यावर ना उंटगाडी ना घोडा.

पण गाव असतं! गाव आपापल्या कामात असतं आणि त्यातून वेळ काढून तुमच्याशी बोलतं. डिसेंबरात त्याच माणसांना मान वर करायला फुरसत नसते. एकदा भाचीच्याच आग्रहाने नाताळच्या आठवड्यात गेले होते. रस्त्यात गाड्यांची रांग, वाळूवर गाड्यांची चाकं, जेवायच्या खोलीत पंगतीवर पंगत. ज्या घरी मी उतरते तिथल्या वहिनींनी चार दिवसांत मला एकदाच विचारलं, तेही "बाई, भात वाढू?" एवढंच. मी श्रीवर्धनला जाऊन श्रीवर्धन न भेटताच परत आले.

आता शब्दाकडे वळते, मराठीची बाई आहे ना. आपल्याकडे हंगाम हा फारसीतून आलेला शब्द आहे, मूळ अर्थ नुसता वेळ, समय. आपल्या शेतकऱ्याने तो आपलासा केला. खरीप हंगाम, रब्बी हंगाम. त्याच्या लेखी जून-जुलै म्हणजे ऐन हंगाम, पेरणी नि लावणीची घाई. आणि नेमक्या त्याच महिन्यांना आपण ऑफ सीझन म्हणतो. म्हणजे हंगाम ठरतो काम करणाऱ्याच्या बाजूने आणि सीझन ठरतो गिऱ्हाइकाच्या बाजूने. एकदा गिऱ्हाईक व्हायचं ठरवलं की मग सगळंच तसं दिसतं. समुद्र निळा मिळाला नाही, पैसे परत द्या!

हे खूळ फक्त आपल्याकडचं नाही. माझा पुतण्या टेक्सासमध्ये असतो. त्याला मेक्सिकोतलं पुएर्तो वायार्ता नावाचं समुद्रकाठचं शहर फार आवडतं. तिथेही जून ते ऑक्टोबर उकाडा नि पाऊस, आणि स्पॅनिशमध्ये त्याला म्हणे 'खालचा हंगाम' अशा अर्थाचा शब्द आहे. तो मुद्दाम सप्टेंबरात गेला. घामाघूम झाला, संध्याकाळी विजांचा कडकडाट बघत बसला आणि येऊन म्हणाला, काकू, यंदा तिथली माणसं भेटली. त्याचं साऱ्या घराने कौतुक केलं. मी तेच श्रीवर्धनला केलं की म्हातारीला वेड लागलं!

पण माझं भांडण नुसत्या हौसेचं नाही. खरं कारण पुढेच आहे.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, नेमकं श्रीवर्धन-दिवेआगरच्या अंगावर. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. पेशवे बाळाजी विश्वनाथ इथलेच, हे मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवलं, पण गाव जगलं ते पेशव्यांवर नाही, नारळी-पोफळीवर. ती वाडी काही तासांत झोपली. कोविडमुळे मला लगेच जाता आलं नाही. २०२१ च्या सप्टेंबरात गेले. ज्या घरी मी उतरते त्यांच्या मागच्या वाडीत पूर्वी भरदुपारी अंधारून यायचं. वहिनी मला मागच्या दारी घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "बाई, आता वाडीत ऊन येतं."

एवढंच बोलल्या. मला काही सुचलं नाही.

पुढे त्यांनीच सांगितलं. आदल्या डिसेंबरात कोणी पाहुणे आले होते, ते खुशीत म्हणाले, "वा! इथून डायरेक्ट सी व्ह्यू आहे!" तो व्ह्यू कशाने झाला हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांची चूक नाही हो. सीझनला येणाऱ्याला गावाचं आधीचं नि नंतरचं दिसतच नाही.

पोफळ लावली तर फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, नारळालाही तेवढीच. तोवर घर चालायचं कशावर? पाहुण्यांच्या दोन खोल्यांवर. आणि त्या खोल्या जून ते सप्टेंबर रिकाम्या. त्यात कोणी उगवलाच तर ऑफ सीझन म्हणून निम्मा दर मागणार, आणि निम्म्यावरही घासाघीस करणार. कौलं गळतात ती पावसातच, ताडपत्री घ्यायची ती पावसातच, पोरांच्या शाळेचा खर्च जूनमध्येच. म्हणून मी पूर्ण दर देते. दरवेळी आमचं यावरून भांडण होतं. वहिनी म्हणतात, "पावसाळ्यात कसले हो पूर्ण पैसे? तुम्हाला काय समुद्रात जाता आलं?" मी म्हणते, मी समुद्राचं भाडं देत नाहीये, खोलीचं देतेय. शेवटी त्या कोकमं नि पोह्याचे पापड बांधून देतात आणि हिशेब बरोबरीत सुटतो.

आता तुम्ही म्हणाल, बाई, पावसात माणसं वाहून जातात त्याचं काय? हा आक्षेप मला शंभर टक्के मान्य. ३० जून २०२४ ला लोणावळ्याला भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीसकट कोसळला, चार जण दगावले. गेलेल्यांना मी बोल लावणार नाही. पण पाऊस म्हणजे मजेचं यंत्र अशी जी समजूत करून दिली जाते, तिच्याशी माझं भांडण आहे. तीसुद्धा गिऱ्हाइकीच.

माझे नियम साधे आहेत. पावसाळ्यात पाण्यात पाऊल घालायचं नाही. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणेचा मार्ग तर भल्या हवेतही ओहोटीलाच करायचा, पावसात त्या खडकांकडे फिरकायचंच नाही, देवळातूनच नमस्कार. भोरहून वरंधा घाटाने महाड जवळ, पण पावसाळ्यात तो घाट बंद करतात, तेव्हा "आपली ओळख आहे, सोडतील" असलं काही करायचं नाही. स्वारगेटला जाऊन ताम्हिणीमार्गे एस.टी. धरायची, तीही दिवसाउजेडी. (पंचाहत्तरी ओलांडल्यामुळे एस.टी.चा प्रवास फुकट आहे, बरं का!) इशारा असला तर जायचंच नाही. आणि औषधं चार दिवसांची जास्त.

हे शहाणपण फुकटात आलेलं नाही. जुलै २००५ मध्ये मी तिथेच अडकले होते. वीज नाही, फोन नाही, रस्ते बंद. महाडकडे जुई, दासगावला दरडी कोसळून माणसं गाडली गेल्याचं कानावर येत होतं. मी सुखरूप होते, पण इकडे भोरला आमचे हे दोन दिवस जेवले नाहीत, हे मला नंतर मुलाकडून कळलं. ह्यांनी स्वतः कधी त्याचा उच्चार केला नाही. आता हे नाहीत, आणि तो अपराध अजून मनात आहे. २०२१ च्या जुलैत महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड आली, ऐंशीच्या वर माणसं गेली, तेव्हा टीव्हीपुढे बसून मला पुन्हा तेच दोन दिवस आठवत होते. तेव्हा पावसात भटका, असं मी कोणाला डोळे झाकून सांगणार नाही. जमेल त्याने, झेपेल तेवढं, गावातल्या माणसाला विचारून.

आणि आता शेवटचं, घरचं दुखणं. आमच्या भोर-वेल्ह्याचा हिशेब श्रीवर्धनच्या अगदी उलटा. आमचा सीझन पावसात! शनिवार-रविवारी नसरापूरपासून गाड्यांची रीघ. मढे घाट, राजगड, तोरणा. राजगड २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला, आनंदच झाला, पण गर्दीही वाढायचीच. ओढ्यात गाणी लावून नाचतात आणि बाटल्या भातखाचरात टाकून जातात. लावणी करणाऱ्या बाईच्या पायाला ती काच लागते, हे त्यांच्या गावीही नसतं. हिरवं सरलं की सगळे पसार. फेब्रुवारी ते मे आमच्याकडे कुत्रं फिरकत नाही. तो आमचा ऑफ सीझन.

त्या ऑफ सीझनची एक गोष्ट सांगते. वेल्ह्याकडच्या शाळेत असताना एप्रिलात एक मुलगी रोज उशिरा यायची. सकाळची शाळा. मी शिस्तीची बाई! आठवडाभर तिला पहिला तास वर्गाबाहेर उभं केलं. मग एका रविवारी तिच्या वाडीवर गेले. पहाटे उठून ती खालच्या झऱ्यावरून दोन हंडे आणायची, मग शाळा. झऱ्याला वाटीवाटीने पाणी भरावं लागे. आणि तिच्या अंगणात उभं राहिलं की खाली धरणाचं पाणी चकाकताना दिसायचं. पानशेत, वरसगाव, गुंजवणी, सगळी आमच्याच डोंगरांतली पाण्याची साठवण. धरण दिसतंय आणि हंड्यात पाणी नाही! मी तिची माफी मागितली की नाही, ते आज नीट आठवत नाही. मागायला हवी होती.

ज्या गावाला लोक फक्त हिरवं असताना भेटतात, त्या गावात मी जन्म काढला. म्हणून श्रीवर्धनला फक्त निळं असताना भेटणं मला जमत नाही. आपल्या घरात आजारपण असताना जो येतो तो नातलग. नुसता लग्नाला येणारा पाहुणा. दोघांनाही जेवू घालतोच आपण, पण फरक कळतो की नाही?

असो. फार लांबलं. भाचीला सांगितलंय, डिसेंबरात तू खुशाल जा, मजा कर, पण त्या घरी जाशील तेव्हा मागच्या वाडीत पाऊल टाकून ये. नवी पोफळ उभी राहतेय. मागच्या खेपेला एकीला पहिली पोय आलेली वहिनींनी मला दाखवली, नातवंड दाखवावं तशी.

सोमवारी निघते आहे. हवामान खात्याचा इशारा पाहून, नातलगांनी काळजी करू नये. आणि तुमच्यापैकी ज्यांना "बाई, एकदा भोरला यायचंय" असं वाटतं, त्यांना माझं मनापासून निमंत्रण. एप्रिलात या. राहायला जागा आहे. पाणी तेवढं जपून वापरा.