शाळा दत्तक, बाप हयात



सप्टेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने 'दत्तक शाळा योजने'चा शासन निर्णय काढला. त्यात शाळांच्या नावांचे चक्क दरपत्रक आहे. 'अ' आणि 'ब' वर्ग महापालिकेतल्या शाळेला आपल्या पसंतीचे नाव पाच वर्षे द्यायचे तर 2 कोटी, दहा वर्षे द्यायचे तर 3 कोटी. खेड्यातली शाळा स्वस्त: 50 लाखांत पाच वर्षे. तेव्हाच्या दराने हे पन्नास हजार पौंडांच्या आत बसते. लोअर अर्ली किंवा वूडलीत घर घेताना आपल्यातल्या अनेकांनी एवढे डिपॉझिट भरले असेल. दत्तक घेतात ते आईबाप नसलेले किंवा त्यांनी टाकलेले मूल. इथे बाप मंत्रालयात धडधाकट बसून कर गोळा करतो आहे आणि पोर दत्तक द्यायला काढतो आहे.

रीडिंगकरांना हे नवे वाटू नये. 2006 साली व्हिटलीत जॉन मडेस्की अकॅडमी उघडली. ज्या उद्योगपतीचे नाव फुटबॉल स्टेडियमवर होते, तेच शाळेवर आले. ब्लेअर सरकारच्या त्या योजनेत प्रायोजकाने 20 लाख पौंडांपर्यंत द्यायचे. इमारतीचा बाकी सगळा खर्च आणि दरवर्षीचा चालू खर्च करदात्यांचा. आणि बहुसंख्य गव्हर्नर नेमण्याचा अधिकार मात्र प्रायोजकाचा. मडेस्कींच्या हेतूबद्दल मला शंका घ्यायची नाही. प्रश्न हेतूचा नाहीच. पुढे 20 लाखांची अटही गेली, पण अकॅडमी झालेल्या शाळांचे नियंत्रण कौन्सिलकडे काही परत आले नाही.

महाराष्ट्रातल्या योजनेचे समर्थक म्हणतात, आमच्याकडे देणगीदाराला फक्त नाव मिळते, कारभार सरकारचाच. मान्य. पण कारभार वाकवायला खुर्चीत बसावे लागतेच असे नाही. या योजनेत मदत रोख नाही, वस्तू आणि सेवांच्या रूपात घ्यायची आहे. म्हणजे रंग, संगणक, स्वच्छतागृह, डिजिटल फळा. यातले काही वाईट नाही. पण शाळा चालते शिक्षकावर, आणि शिक्षकाला तीस वर्षे पगार द्यावा लागतो. त्याच्यावर पाटी लावता येत नाही, पाच वर्षांच्या करारात तो बसत नाही. 2012 मध्ये राज्यात शिक्षकभरतीवर बंदी आली. त्यानंतर डी.एड. झालेली किती मुले वाट पाहून वयाबाहेर गेली, ते आपापल्या गावी फोन करून विचारा. त्या रिकाम्या जागांसाठी कोणी दाता येणार नाही. दाता येतो तो फोटो निघेल अशा जागी, आणि मग सरकारलाही त्याच जागांना सुधारणा म्हणायची सवय लागते.

त्याच आठवड्यात शिक्षण आयुक्तालयाचे दुसरे पत्र निघाले. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव त्यात मागवले होते. अशा शाळा 14,783, मुले सुमारे 1 लाख 85 हजार. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा. हमरस्त्यावरच्या मोठ्या शाळेला दाता मिळेल. डोंगरातल्या अकरा मुलांच्या शाळेवर नाव लावायला 50 लाख कोण देणार? तिला विलीनीकरण. तिथल्या मुलीला बसचे आश्वासन, आणि पावसाळ्यात बस आली नाही की शाळा सुटली.

जगभर हीच चाल दिसते. केनियातून वाढलेल्या ब्रिज इंटरनॅशनल अकॅडमीज या कंपनीच्या स्वस्त खासगी शाळांत शिक्षक टॅबलेटवर आलेली संहिता वाचून दाखवत. गेट्स, झुकरबर्ग, जागतिक बँकेची आयएफसी आणि ब्रिटिश सरकारची सीडीसी, सगळ्यांनी त्यात पैसा घातला. म्हणजे आपल्या पगारातून कापलेला करही त्यात होता. आयएफसीने 2022 मध्ये अंग काढून घेतले. गुंतवणूकदाराला निघून जाता येते. मुलाला येत नाही.

कोणी म्हणेल, रयत शिक्षण संस्थाही देणग्यांवरच उभी राहिली. राहिली, पण मुष्टी फंडात मूठभर धान्य टाकणाऱ्या बाईने शाळेच्या नावाचा भाव विचारला नव्हता. 'प्रथम'च्या 'असर' अहवालांनी 2005 पासून सरकारची लाज चव्हाट्यावर आणली, हेही मोठेच काम. सरकारला जाब विचारणारी संस्था वेगळी आणि सरकारची जबाबदारी आपल्या डोक्यावर घेऊन त्याला मोकळे करणारी वेगळी. जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले ते रयतेच्या करातून, हक्क म्हणून.

आणि आपले पौंड? गिफ्ट एडमुळे आपल्या प्रत्येक पौंडावर ब्रिटिश सरकार 25 पेन्स घालते. तेव्हा निम्म्याशा अधिकाराने का होईना, आपण सार्वजनिक पैसाच वाटत असतो. म्हणून देण्याआधी संस्थेला लेखी विचारावे: हे काम शाळा व्यवस्थापन समितीने मागितले होते का? त्या शाळेत शिक्षकांची किती पदे रिकामी आहेत आणि ती भरण्यासाठी तुम्ही सरकारकडे काय केले? तुमचा प्रकल्प संपल्यावर खर्च कोण करणार? रंगवलेल्या भिंतींचे फोटो नकोत, एवढे स्पष्ट सांगावे. ज्या संस्थेला यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, तिला या वर्षी पैसे देऊ नयेत असे माझे मत आहे.